पिवळा पोचला

आई, आज बाजारात मला पिवळा दिसला.

जुन्या डिस्कांच्या ढिगात पालथा पडला होता. मी गेले होते सेफ्टी पिना आणायला, आमच्या स्टॉलचा पडदा वाऱ्याने सारखा सुटतो म्हणून. पण माझी सवय तुला माहीत आहे. पिना राहिल्या बाजूला, एक माणूस कुलपं दुरुस्त करत होता त्याच्यासमोरच उभी राहिले, आणि तिथून सरकत सरकत शेजारच्या डिस्कवाल्यापाशी. कव्हरवर तोच पिवळा सूट, तोच काचेचा गोल टोप, मागे काळं आभाळ. पहिला भाग. ज्याचा शेवट आपल्यापैकी कुणीच पाहिला नाही, तो. डिस्क घेतली आणि पिना विसरून परत आले, म्हणून सध्या पडदा दोन चिमट्यांवर आहे. मी इंदूरला आहे, हे सांगायचं राहिलंच. कापडाचं प्रदर्शन घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एका बाईंबरोबर काम करते. दहावीनंतर मी कुठे कुठे टिकले नाही ते सांगत बसत नाही, नर्सरी झाली, ट्रॅव्हल्सचं ऑफिस झालं, एक बेकरी झाली. हे मात्र जमतंय, कारण ह्यात एका जागी राहावंच लागत नाही.

तुला आठवतं ना, आपल्याकडे पूजा होती आणि मामाने नारायणगावहून भाड्याचा व्हीसीआर आणला होता? दुकानदाराने देवाच्या कॅसेटबरोबर एक इंग्रजी कॅसेट घुसडून दिली होती. पाहुणे पांगले, पिंपळवंडीतलं अख्खं ऊन आपल्या पत्र्यावर उतरलं होतं, आणि तू राखेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिलीस. "काय लावलंय गं?" म्हणालीस, आणि मग भांडी तशीच राहिली. आभाळात एक जहाज, त्यात तीन माणसं, दोघांची तोंडं दिसतात आणि तिसऱ्याचं दिसतच नाही, तो सदा त्या पिवळ्या सुटात. काहीतरी बिघडतं. पिवळा कमरेला दोर बांधून बाहेर पडतो. दोर कुठेतरी घासतो, एकेक पीळ सुटतो, आणि तटकन तुटतो. तो कोलांट्या खात लांब लांब जातोय, एवढासा होतोय, तू तोंडावर पदर धरलायस, आणि लाईट जाते. व्हीसीआर संध्याकाळच्या आत परत द्यायचा होता. आपण वाट बघितली, मामाने वाट बघितली, शेवटी त्याने ते खोकं एम-एटीला बांधलं. त्याची गाडी ओढ्यापलीकडे गेली आणि लाईट आली. तू हसत सुटलीस. मी रडत होते आणि तू हसत होतीस, म्हणून मला तुझा फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या शेडमध्ये तू पिक्चर सांगायला घेतलास. लाल एकीकडे, कच्चा एकीकडे, डागी मागे, आणि सगळ्यांच्या मधोमध तू. तुझा नियम होता, क्रेट भरल्याशिवाय पुढची गोष्ट नाही, आणि बाया गोष्टीपायी क्रेट भरायच्या. तू सांगायचीस तेव्हा ते आभाळातलं जहाज आपल्या एसटीसारखं व्हायचं. पुढे ड्रायव्हर, मधे कंडक्टर, आणि मागच्या सीटवर बिचारा पिवळा. दोर तुटल्यावर सगळ्यांचे हात थांबले. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याबाई, म्हणजे सगळेच त्यांना आत्याबाई म्हणायचे, त्यांनी विचारलं, "मंग? कुठं गेला गं त्यो?" त्यांचा मुलगा ट्रकवर क्लीनर म्हणून गेलेला. आधी लुगडी यायची, मग पत्रं, मग काहीच नाही. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलायचं नाही. तू हातातला टोमॅटो उगाच फिरवत राहिलीस. पुढचं तुला माहीत नव्हतं, आणि तुला माहीत नाही हे फक्त मला माहीत होतं.

"जातोय कुठं? घरी गेला," तू म्हणालीस. "त्याचं गाव वर लई लांब हाय. येळ लागंल. पर रस्ता उताराचा हाय."

बायांनी सुस्कारा सोडला आणि हात पुन्हा चालू झाले. पण आत्याबाईंनी ते धरूनच ठेवलं. हंगामामागून हंगाम गेले, तुम्ही कधी आपल्या शेडात, कधी निरगुडसरच्या मळ्यात, आणि कामाला बसता बसता त्यांचं ठरलेलं, "पोचला का गं पिवळा?" तूही कधी चुकली नाहीस. "निगालाय. आळेफाट्याला गाडी बदलतोय." एकदा बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता तर म्हणालीस, "आज न्हाई यायचा, रस्त्यात बैलं लई हायेत." बेल्ह्यावरून मला आठवलं, मामाने तिथून एकदा जो खोंड आणला होता, तो टेम्पोतून उतरायलाच तयार नव्हता आणि शेवटी तू कानात काहीतरी बोललीस आणि उतरला. काय बोललीस ते मी कधी विचारलं नाही. असो.

मग मी आठवीत की नववीत असताना, तुझ्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे दादांच्या, कारखान्याच्या बोनसमधून डीव्हीडी प्लेअर घ्यायचं ठरलं. पेठेतल्या मारवाडी शेठच्या दुकानात आपण दोघीच गेलो. त्यांचे आजोबा राजस्थानातून कापडाचे गठ्ठे घेऊन आलेले, पण शेठ बोलायला लागले की आपल्यापेक्षा गावरान. त्यांनी खोक्यावर एक डबी ठेवली. "वहिनी, ही माझ्याकडनं. दोन डिस्का हायेत. एकीत पिक्चर, दुसरीत बोनस."

"बोनसमधनं घेतलेल्या वस्तूवर आनि बोनस?" तू म्हणालीस. "शेठ, दुकान कशाला चालवता, कारखानाच काढा की!"

शेठ हसता हसता गल्ल्यावर वाकले. आणि तू डबी उचलून डोळ्यांजवळ नेलीस. कव्हरवर पिवळा होता आणि त्याच्याखाली मोठा इंग्रजी दोनचा आकडा. इंग्रजीतले आकडे तेवढे तुला येत होते. "दुसरा भाग हाय," तू माझ्या कानाशी म्हणालीस, "म्हंजी पोचल्याचं दाखवलं असंल." तिथेच घोटाळा झाला. पिक्चर आधी बघायचा आणि मग सांगायचा ही तुझी रीत, पण ह्या वेळी तुला दम निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तू शेडमध्ये जाहीरच करून टाकलंस, रविवारी दुपारी आमच्या घरी पिवळा पोचतोय.

आत्याबाई लग्नाला निघाल्यासारखं ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. काकू, म्हणजे तुझी थोरली जाऊ, आधीच टीव्हीसमोरची जागा धरून बसलेली. बाकीच्या जोत्यापर्यंत. रिमोट माझ्या हातात. पिक्चर सुरू होतो. जहाज दुसरंच आहे. माणसं नवी, कप्तान एक बाई. पिवळा कुठेच नाही. बाया धीराने बघतायत, तू मधूनमधून सांगतेयस, "ही मंडळी त्यालाच हुडकायला निघालीत," आणि मला कळतंय की तू चाचपडतेयस. आणि मग जहाजाच्या भिंतीवर फोटो दिसतो. पिवळा सूट, काचेचा टोप. सगळी माणसं त्याच्यासमोर माना खाली घालून उभी राहतात.

"भिंतीला फोटू कुणाचा लावत्यात गं?" काकू म्हणाली. "सांग की. तू तर लई सांगत व्हतीस."

आत्याबाईंनी टीव्हीकडे नाही, तुझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात इतक्या हंगामांतलं सगळं विचारणं होतं, आणि तू खोटी ठरलीस तर नुसता एक पिक्चर फुकट जाणार नव्हता.

"हार कुठाय?" तू म्हणालीस.

"क्काय?" काकू म्हणाली.

"फोटूला हार हाय का? नीट बगा, बाई. हार न्हाई, कुंकू न्हाई, उदबत्ती न्हाई. परमुलखात गेलेल्याचा फोटू हाय त्यो. तुमच्या भिंतीला पोराचा मिलिटरीतला फोटू न्हाई व्हय?"

"अगं, त्याचं नाव कशाला काढतीस!" काकूने घाईघाईने दोन्ही कानांना हात लावले. "खरंय बाई, हार न्हाई. न्हाई हार." आणि सगळ्याजणी पुढे सरकून खात्री करायला लागल्या. मला तो फोटो थांबवून दाखवायला लावला. हार नव्हता.

पण पिक्चर संपला आणि पिवळा आलाच नाही. नावं वर जायला लागली. लाईट गेली असती तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा तुला वाटलं असेल, पण त्या दिवशी मेली गेली नाही. "पोचला का गं?" आत्याबाईंनी विचारलं, अगदी हळू. आणि आई, ह्या वेळी तुझ्याकडे आळेफाटा नव्हता, बैलं नव्हती. मला ते बघवेना म्हणून मी दुसरी, बोनसची डिस्क घातली. पडद्यावर सगळं इंग्रजी, मी वरचं पहिलं दाबलं.

एक मोठी खोली. मागे सगळीकडे हिरवं कापड. छताला दोर, आणि दोराला पिवळा. विहिरीतून घागर काढावी तसे चारजण दोर धरून आहेत, आणि सावकाश, अगदी सावकाश ते त्याला खाली सोडतात. त्याचे पाय जमिनीला लागतात. तो दोन्ही हातांनी काचेचा टोप काढतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड दिसलं. घामेजलेलं, दाढी वाढलेली, केस कपाळाला चिकटलेले, आणि हसतोय. तेवढ्यात पांढऱ्या केसांची एक बाई येते, टॉवेलने त्याचं तोंड पुसते, खसाखसा केस विंचरते, काहीतरी बोलते आणि त्याच्या हातात ताटली देते. तो पालथ्या खोक्यावर बसून जेवायला लागतो. माणसं येऊन त्याच्या पाठीवर थापा मारतायत.

आत्याबाई उभ्याच राहिल्या. "उतरवला! दोरानं उतरवला गं त्येला!"

"पोचला," तू म्हणालीस. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. आणि मग तू सुटलीस. "ही त्याची माय. बगा कशी तोंड पुसती."

"काय म्हनती गं ती?"

"म्हनती, मुडद्या, इतकी वर्सं कुठं मेला व्हतास? आदी जेव, मंग बोल."

घर खदखदून हसलं. "आनि ते हिरवं?" कुणीतरी विचारलं. "मांडव न्हाई का! सोयऱ्यांनी मांडव घातलाय त्येच्यासाठी." काकू टीव्हीपाशी नाक नेऊन म्हणाली, "नुसता पावच दिलाय गं मायनं. कालवण न्हाई केलं व्हय?" म्हणजे काकूही गोष्टीत पोचली. "उतरव त्येला पुन्यांदा," आत्याबाई मला म्हणाल्या, आणि मी उतरवला. पुन्हा उतरवला. तो वर जायचा आणि पुन्हा जमिनीवर यायचा, आणि दर वेळी पाय टेकले की बाया टाळ्या वाजवायच्या. मग आत्याबाई मधेच उठून गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या वाटीत साखर घेऊन आल्या आणि एकेकीच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवत गेल्या. पोचला म्हणून.

सगळ्या गेल्यावर कप गोळा करताना मी तुला म्हणाले, "आई, ते पिक्चरचं शूटिंग होतं. ती काही त्याची आई नाही." तू कप विसळत होतीस. मान वरसुद्धा केली नाहीस.

"पाय जमिनीला लागले का न्हाई?"

"लागले."

"जेवला का न्हाई?"

"जेवला."

"मंग? आजून काय पायजे तुला?"

आत्याबाईंचा मुलगा काही आला नाही. पण त्यांनी विचारणं सोडलं आणि स्वतःच सांगायला लागल्या. त्यांच्या सांगण्यात पिवळ्याची माय पिठलं-भाकरी करायची आणि हिरव्या मांडवात ताशा वाजायचा, आणि नव्या सुना तोंडं उघडी टाकून ऐकायच्या. तू शेजारी बसून डागी टोमॅटो बाजूला काढत राहायचीस. तुझी गोष्ट तुझ्यासमोर दुसरं कुणी सांगतंय ह्याचा तुला केवढा आनंद व्हायचा.

आता घरी तुझा फोटो भिंतीला आहे. दादांनी चंदनाचा हार घातलाय, दर पोळ्याला धूळ झटकतात. माझ्या पिशवीत तुझा दुसरा आहे, शेडमधला, क्रेटवर बसलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली. त्याला हार नाही. विचारशील तर, परमुलखात कोण आहे ते तूच ठरव, तू का मी.

आत्ता दुपार आहे, प्रदर्शन चारला उघडतं. मालकीणबाईंचा छोटा प्लेअर मांडीवर घेऊन मी पहिला भाग लावला होता. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून मला आता बरंच इंग्रजी कळतं, आणि ती माणसं जहाजात काय बोलतात तेही कळलं, तुझं एसटीचं बोलणं त्याहून कितीतरी बरं होतं. पिवळा बाहेर पडला, दोर घासला, तुटला. कोलांट्या खात एवढासा झाला. पुढचं बघायला आता काहीच आड येत नव्हतं. कव्हरच्या मागेही दोन ओळींत लिहिलेलं असणार, मी त्यावर अंगठा ठेवूनच डबी बंद केली. हे पत्र घडी करून तिच्यातच ठेवते, टाकायचं तरी कुठे. फक्त एक सांगते. थांबवायचं बटण मीच दाबलं, आई. लाईट गेली नव्हती.