दगडाच्या सरदाराचा थोरला

बा, रामरामी.

स्कॉटलंडात एका जुन्या किल्ल्याचं हाटेल केलंय, तिथं मी भांडी घासतो. मागच्या देवळात, म्हंजे इथल्या चर्चात, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा सरदार आपल्या कबरीवर दगडाचा होऊन झोपलाय. शेजारी बायको, पायाशी कुत्रं. धुकं आत आलं की वाटतं, चौघंबी आपण एकाच सपनात हावोत.

इथला म्हातारा खानसामा सांगत होता, राजाला सोडवायला ह्यानं थोरला पोरगा शत्रूकडं ओलीस दिला. पोरगं तिकडंच रमलं. ह्यानं मरेस्तोवर त्याची वाट बघितली, दुसरा वारस नेमलाच न्हाई. मग धाकटे भाऊ वारशासाठी आपसात लढून कापले गेले.

मी विचारलं, "थोरल्यानं निरोप काहून न्हाई धाडला?"

"बापाला काय सांगणार? खाऊनपिऊन मजेत हाय म्हणून?"

आपला धाकटा जगन वसमतच्या बाजारातून फोनवर बोलला, तांड्याच्या बैठकीत तुमी तुमच्या बाजूची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवता. तिथं जगनला बसवा, बा. तुमचं नाईकाचं पागोटं त्यालाच बांधा. तो बाजार सोडला तर तांड्याबाहेर कुठं जात न्हाई.

मला कोणी ओलीस ठेवलं न्हाई. मला इथं करमून राहिलं.

तुमचा,
कुलदीप

(आज हे पत्र घेऊन पोस्टापर्यंत गेलो अन् तसाच माघारी आलो.)