आंघोळीनंतर

११ नोव्हेंबर

"दुखलं त सांगजो. खाजलं त नोको सांगू, लोकं दूर बसतेत." आईचं वाक्य. मी चौथीत होते, बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली होती. आज न्हाणीतून निघताना आठवलं. कारण मीही अजून कुणाला सांगितलेलं नाही.

होळीपासून चालू आहे. आंघोळ झाली की थोड्या वेळात मांड्या, पाठ, दंड — आतून मुंग्या चावल्यासारखं. पुरळ नाही, डाग नाही. तासाभराने आपोआप थांबतं. कडुनिंबाचा पाला उकळून झाला, साबण बदलून झाले, खरजेचं औषध अंगभर लावून झोपले. पाणी जितकं कडक, तितकं अंग पेटतं — तरी कडकच घेते. वाटतं, जे काही आहे ते धुऊन निघेल.

ह्यांच्या आज लक्षात आलंच. हे राइस मिलमध्ये. म्हणाले, "कोंड्यात मी लोळतो न खाज तुले सुटते?" हसलो दोघं. मग मी परसात जाऊन खाजवलं.

२४ नोव्हेंबर

लेक करिश्माची ओटी भरली, सातवा महिना. चामोर्शीहून तिच्या सासूबाई रुखमाबाई तिला घेऊन आल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोरगी आजपासून इथेच वडशाला राहणार होती.

ओटी भरताना माझी बाही वर सरकली. दंडावरचे ओरखडे रुखमाबाईंनी पाहिले. जेवणं झाल्यावर ह्यांच्याशी बोलत बसल्या. मला निघताना सांगितलं.

"इहीणबाई, राग नोका मानू. लहान जीव येऊन राह्यला. तुमच्या अंगाले काय हाय, ते आधी पाहून घ्या."

करिश्माची बॅग परत गाडीत गेली. तिने खिडकीतून हात हलवला. मी नाही हलवला — बाही सरकली असती.

२९ जानेवारी

मुलगा झाला, गडचिरोलीच्या दवाखान्यात. मी दारातून पाहिला.

६ फेब्रुवारी

चामोर्शीला जाऊन आले. बाळाला रुखमाबाई न्हाऊ घालतात. चांगलं घालतात, खोटं कशाला बोलू — पाय लांब करून त्यावर पालथं घेतात, धार मानेमागून सोडतात, बाळ रडत नाही. मी खुर्चीवर, लांब. मला कपबशी वेगळी.

करिश्मा सासूसमोरच म्हणाली, "आई, तू दवाखान्यात काऊन जात नाईस?" रागाने नाही. रडवेली झाली होती.

बसमध्ये ठरवलं. जायचं.

१३ फेब्रुवारी

ब्रह्मपुरीचे कातडीचे डॉक्टर. इतर वेळी खाजतं की पाण्यानंतरच? डोकं जड होतं का? चेहरा नेहमी असाच लाल असतो? लाल तर आहेच. लोक तब्येत छान म्हणतात. त्यांनी पोट दाबून पाहिलं. कातडी ठीक आहे म्हणाले, रक्त तपासून घ्या.

लॅबमधल्या बाई रिपोर्ट पाहून हसल्या. "साडेअठरा हिमोग्लोबिन! इथी बायांचं नऊच्या वर जात नाई. काय खाता बाई तुम्ही?"

डॉक्टर हसले नाहीत. नागपूरची चिठ्ठी दिली.

८ मार्च

आजाराचं नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच — हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथे ते जास्त तयार होतंय. घट्ट होतंय. गुठळी होऊ नये म्हणून अधूनमधून रक्त काढून टाकायचं, रोज एक गोळी. बरा होत नाही, सांभाळता येतो. खाज त्याचीच.

मी दोनच प्रश्न विचारले. शिवल्याने होतो का? नाही. पोराबाळांत उतरतो का? सहसा नाही.

आज पहिली पिशवी काढली. परतताना गाडीत गाढ झोप लागली. किती महिन्यांनी!

घरी पोचताच रुखमाबाईंना फोन लावला. धीरच नव्हता मला. म्हटलं, कातडीचं काही नाही हो, रक्ताचं आहे.

पलीकडून — "रक्ताचं?"

तिथेच कळायला हवं होतं. आमच्या भागात रक्ताचा आजार म्हणजे सिकलसेल, आणि सिकलसेल म्हणजे आईबापांकडून आलेला. सोयरीक जुळवताना त्यांनी करिश्माचा रिपोर्ट मागितला होता. दिला होता आम्ही, साफ होता. हे ते नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगितलं. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"सहसा नाई म्हणजे काय बाई? कधी कधी होते, असंच न?"



१२ मार्च

करिश्माचा फोन. बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं, तिचंही घेतलं. घरात तिच्याशी कोणी धड बोलत नाही. सुरज म्हणतो, आईला समजावतो. जावई चांगला आहे, पण आईसमोर त्याचा आवाज निघत नाही.

खाज मी लपवली. मान्य. हे तर मीच फोन करून सांगितलं.

१५ मार्च

उद्या रुखमाबाई करिश्माला आणि बाळाला इथे आणून सोडणार. रिपोर्ट येईपर्यंत, असं सुरज म्हणाला. आल्यावर न्यायला येशील ना, म्हणून विचारलं, तर म्हणाला, आईले विचारतो.

पोरगी कायमची माहेरी बसायला नको. दारातच सांगणार आहे त्यांना. चहा घ्या, आणि जाताना दोघांना परत घेऊन जा. बदल्यात मी बाळाला हात लावणार नाही. चामोर्शीला पुन्हा येणारही नाही.

त्या ऐकणार नाहीत.