लॉर्डाची थोरली लेक

मंगळवार, संध्याकाळ. रुमैथिया, कुवेत.

नात शाळेसाठी इंग्लंडच्या कुणा लॉर्डावर लिहितेय, मला वाचून दाखवत होती. बाप मेला, पदवी मिळाली, पार्लमेंटात जागा मिळाली. जन्मभर भाषणं ठोकली. कर्तबगारी काय, तर जन्मला! कारभार सगळा थोरल्या लेकीनं बघितला आणि पदवी गेली धाकट्या मुलाला.

मी म्हटलं, "मेले! पोटच्या पोरीला असं करतात?"

"पण आजी, गावचं घरपण ओन्ली पप्पांचं ना? आत्याला का नाही?"

"गप लिही तू."

त्या घराच्या हक्कसोडपत्रावर तिच्या आत्यानं, माझ्या सुमननं, उभ्यानंच सही केली होती. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. बापाच्या आजारपणात तीन वर्षं तिनंच केलं, मुलगा इथं कुवेतात. आणि मीच तिला म्हटलं, बहिणी सोडतातच गं. उभ्यानंच सही. कागद वाचलासुद्धा नाही.

तेव्हापासून आपणहून फोन करत नाही. आज मीच केला.

"बोल आई. काही काम होतं?"

"नाही गं, सहज."

"बरं. ठेवते मग."

अख्ख्या घराला टोचून बोलते मी. माझं चुकलं, एवढं काही तोंडातून निघालं नाही.