दहावा सेकंद

दिवेआगर,
रविवार सकाळ

प्रिय सफुरा,

काल पहाटे तुमची होडी समुद्रात निघालेली पाहिली. वाळूवर उभी राहून या वयात वेड्यासारखा हात हलवत होते! फोन केला असता तर मी रडले असते आणि तू आपल्या शाळेतल्या सिस्टरांच्या चालण्याची नक्कल करून विषय बदलला असतास. शाळेपासूनची खोड तुझी. म्हणून लिहिते आहे.

तो व्हिडिओ पसरल्यापासून तुझे यजमान, हमदुल्लाभाई, धक्क्यावर जायचे थांबले होते. नऊ सेकंद फक्त. होडी, उतरणाऱ्या गोण्या, आणि खाली, 'किनाऱ्यावर शस्त्रं उतरतायत, जागे व्हा.' शस्त्रं कसली गं! सहा वर्षांपूर्वी वादळात आमची वाडी आडवी झाली, झाडं पडून रस्ते बंद झाले, तेव्हा भाईंनी आणलेला तांदूळ तो. मीच ते चित्रण केलं होतं, आणि तुला पाठवलं होतं.

माझा नातू शुभम विद्यापीठात गेला तेव्हा मी पेढे वाटले होते. हॉस्टेलमध्ये कुणी त्याला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. आधी किल्ल्यांचे फोटो यायचे, मग रोज नवा शत्रू. गणपतीत तू पाठवलेल्या करंज्यांना त्यानं हात लावला नाही. मी म्हटलं, पोट बिघडलं असेल. मला कळायला हवं होतं.

त्या ग्रुपनं या शुक्रवारी धक्क्यावर येऊन भाईंची होडी अडवायचं ठरवलं. गुरुवारी शुभम अचानक घरी आला, ताटावर नुसता बसून राहिला. मी जुना फोन काढून पूर्ण चित्रण त्याच्यापुढे धरलं. दहाव्या सेकंदाला डोक्यावर गोणी घेतलेला, हसणारा तेरा वर्षांचा पोरगा येतो. तो स्वतःच! पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, हाच तांदूळ खाल्ला ना आपण?"

मग त्यानं ते सगळं चित्रण आपल्या नावानिशी ग्रुपवर टाकलं. 'गद्दार', 'किती घेतलेस रे?', 'आजीच्या पदराखाली जा' असं काय काय आलं. तरी एक अक्षर पुसलं नाही त्यानं. संध्याकाळी दोन मुलांचे फोन आले, आम्हीपण येत नाही. शुक्रवारी धक्क्यावर कुणी फिरकलं नाही, सफुरा! कुणीही नाही!

आता खरं लिहिते. ते चित्रण फक्त तुझ्या आणि माझ्या घरी होतं. नऊ सेकंदांवर शुभमनंच कापलं, त्या मुलांकडून शाबासकी मिळावी म्हणून. पोलीस ठाण्यात त्यानं तसा जबाब दिला आहे. तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पूर्ण चित्रण दाखवून तू भाईंचं नाव साफ करू शकली असतीस. माझ्या नातवासाठी गप्प राहिलीस. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. तो भाईंसमोर उभा राहून सगळं सांगणार आहे. त्याचं बोलून होईपर्यंत त्याला खाली बस म्हणू नकोस.

तुझीच, शाळेतल्या बाकापासूनची,
सुचिता