तीन म्हातारे आणि एक काळी गोटी

३ मार्च १९९४

रूफसला पुरून आलो. आता कंदील बंधुमंडळात आम्ही तिघेच – मी, डेल्बर्ट आणि चेस्टर. आणि नेमकं आजच्याच टपालाने वरिष्ठ मंडळाचं पत्र! एप्रिलअखेर चार सभासद नसतील तर शाखा बरखास्त, मेन स्ट्रीटवरची इमारत त्यांच्या ताब्यात. म्हणजे पाडणार आणि गाड्या उभ्या करायला जागा करणार. शंभर वर्षांची वास्तू! वरच्या दालनात नाचताना मी व्हेराला मागणी घातली होती. तिच्या पश्चात तेवढी एकच जागा उरली आहे जिथे गेलं की बरं वाटतं. जाऊ देणार नाही.

५ मार्च

गावच्या वारसा समितीला इमारतीचा इतिहास हवाय. भिंतीवर पाटी लावणार म्हणे. मी चिटणीस, म्हणून काम माझ्याच गळ्यात. जुनी इतिवृत्तं काढली. शाई पार फिकी. त्या काळी शाईतही पाणी घालत असावेत.

लॉर्ना फोनवर म्हणाली, "बाबा, शाईला नावं ठेवू नका. डोळे दाखवा." पोरीचं मोतीबिंदूचं तुणतुणं काही थांबत नाही! मला सगळं व्यवस्थित दिसतं. हल्लीचे बल्बच मिणमिणते.

८ मार्च

१८९४ – इमारत पूर्ण. उद्घाटनाच्या दिवशी लक्षात आलं की वरच्या मजल्याला जिनाच नाही! नकाशा काढणारा आपल्यातलाच, मग त्याला विचारायचं कोणी? पहिली सभा शिडी लावून झाली. अध्यक्षांच्या वजनाला शिडी पुरेना, म्हणून त्यांनी खाली रस्त्यावरून भाषण केलं. पाटीवर यातलं काय लिहू, कपाळ?

चेस्टरने चौथा सभासद शोधला. त्याची भाची कॉनी, खालच्या हार्डवेअरच्या दुकानाची मालकीण. बायकांना गेल्याच वर्षी परवानगी मिळाली आहे. माझी काहीच हरकत नाही. तिच्याकडे खिळा मागितला की खिळाच मिळतो, उपदेश नाही.

डेल्बर्ट मात्र कुरकुरला, "सारखी शिडी परत मागते."

"कधी नेलीस?"

"ऑगस्टात."

"मग देऊन टाक ना लेका!"

१२ मार्च

मतदान. पद्धत पहिल्यापासूनची – डेल्बर्ट लाकडी पेटी घेऊन एकेकापुढे उभा राहतो, नजर छताकडे, म्हणजे कोण काय टाकतं ते त्याला दिसू नये. एकेचाळीस वर्षं हा मान त्याचा. छताच्या नक्षीदार पत्र्यावरची फुलं त्याला पाठ आहेत. आपण समोरच्या खणातली गोटी उचलायची आणि भोकात टाकायची. पांढरी म्हणजे होकार. एक जरी काळी पडली तरी उमेदवार बाद. आणि दुसऱ्याने काय टाकलं ते मरेपर्यंत बोलायचं नाही, अशी शपथ.

मी चांगली चकचकीत गोटी बघून टाकली. अकरा वर्षांनी मतदान, उगाच कळकट कशाला?

चेस्टरने पेटी उघडली. दोन पांढऱ्या, एक काळी!

चेस्टरनेच तिचं नाव सुचवलेलं. मी टाकली नाही. राहिला कोण? एका शिडीपायी!!

१८ मार्च

शुक्रवार. डेल्बर्टबरोबर तळलेले मासे. त्रेचाळीस वर्षांचा नेम.

"शिडी दिलीस का परत?"

"केव्हाच दिली."

"मग?"

"मग काय?" म्हणाला आणि माशावर लिंबू पिळत बसला. निर्ढावलेला!

२४ मार्च

सापडलं! पूर्वी नकारासाठी काळे चौकोनी ठोकळे होते, अंधारातही बोटांना कळावेत म्हणून. १९३६च्या थंडीत कोणीतरी ते शेगडीत घातले. मग काचेच्या काळ्या गोट्या आणल्या. पांढऱ्या त्याच राहिल्या, जुन्या हाडाच्या. ठोकळे जाळणाऱ्याचं नावही नोंदलंय – माझे आजोबा. पाटीवर घेणार नाही.

२ एप्रिल

नियम एकतीस! काळी टाकणाऱ्याने सर्वांसमोर उभं राहून कबूल केलं तर ती गोटी रद्द. मात्र त्याची मंडळातली जबाबदारी काढून घ्यायची आणि नाव इतिवृत्तात लाल शाईने लिहायचं. शंभर वर्षांत एकदाही कोणी उभं राहिलेलं नाही.

डेल्बर्टला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "डोळे तपासून घे रे लॉइड." विषय बदलायला वस्ताद!

९ एप्रिल

नियमाप्रमाणे दुसरं आणि शेवटचं मतदान. कॉनी बाहेर जिन्यावर केक घेऊन थांबलेली. पेटी माझ्यापुढे आली तेव्हा डेल्बर्ट छताकडे नाही, चक्क माझ्या हाताकडे बघत होता. नियमभंग! टिपून ठेवलं.

पुन्हा एक काळी.

मला त्या नाचातला व्हेराचा निळा झगा आठवला. मग डेल्बर्ट उठला, गुडघे कटकट वाजले. म्हणाला, "माझी होती. परत घेतो."

चेस्टर ठार बहिरा. "काय?"

"माझी होती!"

"कोण होती?"

"काळी गोटी! मी टाकली! मी परत घेतो!" डेल्बर्ट ओरडला. जिन्यावर कॉनीलाही ऐकू गेलं.

इमारत वाचली. पेटी डेल्बर्टकडून काढून घेतली. लाल शाईने मीच लिहिलं, जाड अक्षरात. कॉनीने सगळ्यांना केक दिला, डेल्बर्टलाही. मी दिला नसता.

१५ एप्रिल

मासे खायला गेलो नाही.

२९ एप्रिल

माझा इतिहास गावच्या साप्ताहिकात छापून आला. शेवटचं वाक्य झकास जमलंय – "एका बंधूच्या कोत्या मनामुळे ही वास्तू जाता जाता राहिली." नाव दिलेलं नाही. गावाला कळायला नाव लागत नाही. डेल्बर्ट पोस्टात दिसला. मी रस्ता ओलांडला.

१७ मे

लॉर्नाने अखेर बखोट धरून दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.

२० मे

पट्टी सुटली. पाटीशेजारी लावायला पेटीचा फोटो हवा होता, म्हणून उघडली. पांढऱ्या गोट्या शंभर वर्षांत तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारख्या तपकिरी झाल्यात. चकचकीत आहेत त्या काचेच्या. काळ्या कुळकुळीत.

दोन्ही वेळा मीच टाकली. आणि दुसऱ्या खेपेला डेल्बर्टने ते पाहिलं होतं. शपथेमुळे माझं नाव घेता येईना, म्हणून स्वतःचं घेतलं.

इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

आज शुक्रवार. तो मासे खायला आला असेल. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, नियमच आहे. चेस्टरलाही बोलावलंय, म्हणजे ओरडून सांगावं लागेल.