वेडलॉकचा अर्थ

थॉर्नगिल, यॉर्कशर
९ ऑक्टोबर १९०७

लाडकी हेस्टर,

तुला, जावईबापूंना आणि बाळाला अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक. वरच्या कुरणाची दगडी भिंत पुन्हा ढासळली. पाठ कुरकुरते, पण हात अजून दगड ओळखतात. टॅबिथामावशीने धाडलेले मोजे पोचले ना?

मावशी बरी आहे. तुझी आई गेली तेव्हा ती आपली पेटी घेऊन आली, तुझी वेणी घातली, ओटच्या भाकऱ्या चुलीवरच्या दोरीवर वाळत टाकल्या, आणि घराला पुन्हा घराचा वास आला. तू लग्न होऊन लीड्सला गेलीस, त्याच आठवड्यात तिने समोरच्या खोपट्यात बिऱ्हाड हलवलं. "मेहुणा-मेहुणी एका छपराखाली! गावाच्या जिभेला आयतं खाद्य कशाला?"

कायदाच तसा होता, पोरी. गेलेल्या बायकोच्या बहिणीशी लावलेलं लग्न हे लग्नच नव्हे. यंदा ऑगस्टात तो बदलला. वाचनालयात ते वाचलं आणि मी काय करावं? जाडजूड शब्दकोश काढून, लग्नाला जुनी माणसं म्हणतात तो 'वेडलॉक' शब्द शोधत बसलो. भित्र्याला नदी उतरायची असली की तो आधी नदीचं नाव विचारतो.

शब्द फार जुना निघाला. 'वेड' म्हणजे दिलेली जबान. पुढचं 'लॉक' कुलपाचं नव्हे, 'करणं' अशा अर्थाचं जुनं शेपूट. वचन देणं, एवढंच लग्न.

मावशीला सांगितलं तर विणता विणताच म्हणाली, "भावोजी, एवढं पुस्तक उपसलंत, मग वचन द्यायचं तेवढं राहिलं का?"

"दिलं," मी म्हटलं.

"घेतलं. पण हेस्टर हो म्हणाली तरच. तिच्या आईच्या जागेवर मी चोरपावलांनी बसणार नाही."

लिहिलं एकदाचं, पोरी.

तुला राग आला तर तो रास्तच. तू नको म्हणालीस तर आम्ही दोन चुली पेटवत राहू, तुझ्यावरची माया तसूभर कमी होणार नाही.

आई गेली तेव्हा माझा आवाज फुटेना. रिवाजाप्रमाणे आपल्या मधमाश्यांच्या टोपल्यांवर टकटक करून ती बातमी तूच त्यांना सांगितलीस. घरच्या लग्नाचंही त्यांना सांगावं लागतं, नाहीतर त्या रुसून निघून जातात म्हणे. मी अजून तोंड उघडलेलं नाही. तुझं मन होत असेल, तर हेही तूच येऊन सांग.

तुझ्या शब्दाआधी काहीच न ठरवलेला,
तुझा बाबा,
जेबेझ