औषध म्हणून घेतलेला खेकडा

सांगली,
शुक्रवार, दुपार

सुभेदार जोतीराम यांस बालमित्र नारायणाचा सप्रेम नमस्कार.

वि. वि. तुझं, बनुवहिनींचं आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं कुशल असेल अशी आशा आहे. तुझा गुडघा कसा आहे? तीस वर्षं फौजेत डोंगर चढलास आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या बांधावरून घसरलास, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याकडे अनसूया ठणठणीत आहे (इतकी, की कधी कधी मला त्याचा राग येतो). माझं मात्र बरं नाही, म्हणूनच हा पत्रप्रपंच. फोन का केला नाही म्हणशील, तर या घरात फोन स्पीकरवर टाकून बोलायची पद्धत आहे, आणि मला आलेला व्हॉट्सअ‍ॅप माझ्याआधी अनसूया वाचते. टपालखातं तेवढं अजून तोंड मिटून काम करतं.

दिवाळीपासून मला खोकला आहे. सुरुवातीला मी तो व्याख्यानांचा खोकला समजलो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या भागातल्या सात्त्विक आहार मंडळाचा अध्यक्ष आहे हे तुला माहीत आहेच (तू हसतोस तेही मला माहीत आहे). आठवड्याला दोन व्याख्यानं म्हटली की घसा बसायचाच. पण पुढे थुंकीला गंजासारखा तांबूस रंग यायला लागला आणि एका सकाळी चक्क रक्त दिसलं. अनसूयेने मला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला ढगासारखं काहीतरी दिसलं, कोणीतरी 'टीबी' हा शब्द उच्चारला, आणि संध्याकाळपर्यंत माझं ताट, वाटी, पेला सगळं वेगळं झालं. मंडळाचे सभासद तर थोरच. प्राणिमात्रांवर दया करा असं ज्यांना मी सहा वर्षं शिकवलं, त्यांनी पुढच्याच बैठकीत माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसत एकमताने ठराव केला, की अध्यक्षांनी यापुढची व्याख्यानं घरूनच, फोनवरून द्यावीत.

टीबीसाठी थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा काही निघालं नाही. मग आमची केस श्रद्धा नावाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्ताचा कागद पाहिला, फोटो दिव्यासमोर धरला आणि अनसूयेच्या देखत, भाजीचा भाव विचारावा तसं मला विचारलं, "काका, खेकडे खाता का?"

जोतीराम, मी सांगलीत इतकी वर्षं राहतोय, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कांदा-लसणावर, तामसी आहारावर आणि मांसाहाराने होणाऱ्या बुद्धिभ्रंशावर त्यांना दहा मिनिटं ऐकवलं. मध्ये दोनदा खोकलो, त्यामुळे परिणाम थोडा कमी झाला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे एक चित्र काढलं. फुप्फुसात राहणारा एक चपटा किडा असतो म्हणे, कॉफीच्या बीएवढा. त्याची अंडी थुंकीतून नाहीतर विष्ठेतून ओढ्यात जातात, पिल्लं तिथल्या गोगलगाईत वाढतात, तिथून खेकड्यात शिरतात, आणि तो खेकडा कच्चा किंवा अर्धाकच्चा जो पोटात घालेल त्याच्या आतड्यातून वाट काढत थेट छातीत मुक्कामाला येतात. असे खाणारे कोण? कुत्री, मांजरं, कोल्हे, रानडुकरं, वाघ आणि माणूस. बाईंनी सगळे एका ओळीत काढले होते. ओळीतल्या शेवटच्या प्राण्याला चष्मा होता (तो मुद्दाम काढला होता असा माझा संशय आहे). वर हे किडे बहुधा जोडीने राहतात असंही कळलं. म्हणजे माझ्या छातीत कोणाचा तरी सुखाचा संसार चालू आहे आणि भाड्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

सगळ्यात वर्मी लागलं ते अंड्यांचं. त्या किड्याची अंडी रोग्याच्या थुंकीत सापडतात. गेल्या वर्षी आमच्या वरच्या खोलीत धैर्यशील नावाचा कॉलेजचा मुलगा भाड्याने राहत होता. दोन उकडलेल्या अंड्यांवरून मी त्याला ऐन परीक्षेच्या तोंडावर घराबाहेर काढला. जाताना तो बिचारा पाया पडून गेला. आता माझ्याच छातीत किती डझन असतील कोण जाणे. हे आठवलं की मला खरंच लाज वाटते, पण ही गोष्ट तुझ्यामाझ्यात राहू दे.

आता मुद्द्याचं. दर आषाढात आम्ही उभयता तुझ्याकडे वाईपलीकडे येतो, तू ओढ्यावरचे काळ्या पाठीचे खेकडे आणतोस, त्यांच्या नांग्या पाट्यावर वाटून रस फडक्यातून गाळतोस आणि कालवणासाठी बाजूला ठेवतोस. त्यातलाच पेलाभर रस मी तीन वर्षं गुडघ्यांसाठी आणि घशासाठी घेत आलो, हे आपण दोघांनी कोणाला सांगितलेलं नाही. माझी भूमिका तेव्हाही स्वच्छ होती. रस्सा खाणं म्हणजे मांसाहार, पण फोडणी नाही, मीठ नाही, भाकरी नाही, अशा नुसत्या कच्च्या रसाला कोणताही समंजस माणूस औषधच म्हणेल. तू तेव्हा म्हणाला होतास, "आरं नारायणा, लय गुणकारी हाय, पर उकळून घे गड्या, कच्चं नगं." मी तुला म्हटलं, उकळलं की त्याचं कालवण होतं आणि माझा धर्म बुडतो. तू कपाळाला हात लावलास आणि आत निघून गेलास. आता बाई सांगतात की चांगलं उकळलं की किडा मरतो. म्हणजे तुझं सगळं घर वर्षानुवर्षं रस्सा ओरपून धडधाकट, आणि धर्म सांभाळणारा मी तेवढा रक्त ओकतोय. देवाकडे न्याय आहे की नाही, हा प्रश्न मी मंडळात काढणार होतो, पण मला तिथे कोणी बसू देत नाही.

तर पेच असा आहे. बाई म्हणाल्या, "काका, खरं सांगितलंत तर सोपं आहे, तीन दिवसांच्या गोळ्या. नाहीतर मंगळवारपासून टीबीचं औषध सुरू करते, सहा महिन्यांचं. त्यानेही उतार पडला नाही तर नळी घालून आत बघावं लागेल." खरं सांगितलं तर छाती वाचते आणि अनसूयेसमोर मान खाली जाते. नाही सांगितलं तर नसलेल्या रोगाची औषधं सहा महिने गिळायची आणि असलेला रोग तसाच पोसायचा. मला भीती वाटते, जोतीराम. रात्री खोकला आला की मी उशीत तोंड खुपसतो, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. बाकी सर्व क्षेम. लहानांस आशीर्वाद.

तुझा,
नारायण

ता. क. १. मंगळवारी सकाळी अकराला तू सांगलीला ये. डॉक्टरीणबाई आणि अनसूया दोघींसमोर एवढंच सांगायचं, की गुळवेलीचा काढा म्हणून तू मला फसवून तो रस पाजलास. तू फौजी माणूस, छाती पुढे काढून सांगितलंस की कोणालाही पटेल. उकळून घे म्हणाला होतास, ते मात्र सांगायची गरज नाही. मैत्रीत एवढं चालतं.

ता. क. २. पत्र वाचून लगेच चुलीत घालणे. मी ते स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे, कोणाच्या हाती देणार नाही.

ता. क. ३. जोतीरामभावजी, नमस्कार. अक्षर वेगळं दिसेल, कारण हे मी, अनसूया, लिहिते आहे. पाकीट चिकटवायच्या आधीच यांना टेबलावर झोप लागली. तुम्ही मंगळवारी या, पण खोटं बोलायला येऊ नका, त्याची गरज उरलेली नाही. हे कच्चा रस पितात ते बनुबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि मी ते परवा डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी थुंकी पुन्हा पाहिली, या वेळी टीबीसाठी नाही तर त्या किड्यासाठी, आणि अंडी सापडली. मंगळवारी यांना तीन दिवसांच्याच गोळ्या मिळतील. हे मी यांना आत्ता सांगणार नाही, धैर्यशीलची परीक्षा बुडाली होती, यांनी चार दिवस झुरायला हरकत नाही. उशीत खोकतात ते ऐकून मीही रात्रभर जागीच असते, पण तेही सांगू नका. तुमच्या पडवीत हे औषध पीत असतात तेव्हा मी दरवर्षी आत चुलीपाशी बसून बनुबाईंच्या हातचा रस्सा खाते, चांगला रटरटा उकळलेला, भाकरी कुस्करून, दोन वाट्या. मला काही झालं नाही. पाप करायचं ते नीट शिजवून करावं, एवढं तुम्ही यांना सांगा. माझं सांगणं यांना तामसी वाटतं.